जबड्याची जाडी

एटापल्लीहून नागपूर साधारण तीनशे किलोमीटर. आधी जंगलातून आलापल्ली, मग आष्टी, चामोर्शी, गडचिरोली आणि तिथून पुढे नागपूरचा रस्ता. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की वेळेचा हिशेबच राहत नाही. एरवीही सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागून जाताना वेग आपल्या हातात नसतो. गट्टा किंवा जारावंडीकडच्या गावातून निघालेल्या माणसाला तर आधी एटापल्ली गाठायची असते. एवढं अंतर कापून कोणी पडलेल्या दाढेच्या जागी नवी पक्की दाढ बसवायला निघालं, तर त्याच्या हातात आधी काय असायला हवं? माझं उत्तर ठाम आहे: जबड्याचं नीट काढलेलं चित्र. खर्चाचा अंदाज, मुक्कामाची सोय, डॉक्टरांची वेळ हे सगळं त्यानंतर. ज्या हाडात दात उभा राहणार ते हाड पुरेसं आहे की नाही, हे तोंडात बोट फिरवून कळत नाही. हाड पुरेसं नसेल, तर तो प्रवास वेगळ्या कामासाठी करावा लागतो किंवा करावाच लागत नाही.

दंतरोपण, म्हणजे दवाखान्यात ज्याला सरसकट ‘इम्प्लांट’ म्हणतात ते, म्हणजे टायटॅनियमचा एक छोटा स्क्रू. जाडी साधारण 3.5 ते 5 मिलिमीटर, लांबी बहुधा 8 ते 13 मिलिमीटर. हिरडीखालच्या हाडात तो बसवतात, काही महिने हाडाला त्याच्याशी जुळू देतात आणि मग वर कृत्रिम दात चढवतात. हाड टायटॅनियमला इतकं घट्ट धरतं हे कळलं ते दुसरंच काही शोधताना. 1952 साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काम संपल्यावर निघता निघेना, हाड त्याला चिकटून वाढलं होतं. 1965 साली त्यांनी योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात अशी रोपणं केली. लार्सन 2006 साली वारले, तोवर ती टिकली होती. या पद्धतीचं सगळं यश हाड आणि धातू यांच्यातल्या त्या सांध्यावर उभं आहे. त्यामुळे धातू कुठे, किती खोल आणि कोणत्या कोनात जाणार, हे आधी ठरवणं हेच शस्त्रक्रियेचं मोठं काम. हातात ड्रिल घेतल्यावर ठरवण्यासारखं फार थोडं उरलेलं असावं.

दातांचा एक्स-रे ही तशी फार जुनी गोष्ट. राँटगेन यांनी 1895 च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच जानेवारीत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी ते 25 मिनिटं तोंडात काचपट्टी धरून बसले होते. आज दाताच्या छोट्या एक्स-रेला सेकंदाचा एखादा अंश पुरतो. हिरडीला टेकवलेल्या सेन्सरवर प्रतिमा उमटते, आणि दंतवैद्य त्याला ‘आरव्हीजी’ म्हणतात. रोपणाच्या कामात या छोट्या चित्राची किंमत लोक कमी लेखतात. शेजारच्या दोन दातांची मुळं एकमेकांकडे झुकली आहेत का, त्यांच्या टोकाशी पू साठल्याची काळी सावली आहे का, आधी दाढ काढताना मुळाचा तुकडा मोडून आत राहिला आहे का, हे सगळं त्यात स्वच्छ दिसतं. रोपण आणि शेजारचं मूळ यांच्यात किमान दीड मिलिमीटर हाड राहायला हवं. म्हणून 4 मिलिमीटर जाडीच्या रोपणासाठी दोन दातांच्या मधली जागा 7 मिलिमीटर तरी लागते. तेवढी जागा नाही हे आरव्हीजीत दिसलं, तर पुढच्या महागड्या तपासणीचा विषय तिथेच संपतो.

त्यानंतर येतो ओपीजी, सगळी बत्तीशी आणि दोन्ही जबडे एकाच लांबट चित्रात दाखवणारा एक्स-रे. ही पद्धत फिनलंडच्या यर्यो पाटेरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर घडवली. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि जबड्याची कमान उलगडून सपाट करून दाखवतं. खालच्या जबड्यातून जाणारी नस, वरच्या दाढांवरची सायनसची पोकळी, हाडातल्या गाठी, अडकलेली अक्कलदाढ यांचा पहिला अंदाज ओपीजीवरून येतो, आणि तो चांगला येतो. 2012 साली अमेरिकेतल्या मुखविकिरणशास्त्रज्ञांच्या संघटनेने रोपणाच्या पहिल्या तपासणीसाठी हेच चित्र सुचवलं. शस्त्रक्रियेआधी मात्र जबड्याचा आडवा छेद दाखवणारं चित्र घ्यावं, असंही त्यांनी सांगितलं. ओपीजीत हा छेदच नसतो.

आलापल्लीच्या सागवानाच्या डेपोत कोणी नुसती लांबी बघून गोल लाकूड विकत घेत नाही. कापलेल्या टोकाशी जाऊन गाभा भरीव आहे की पोकळ, गोलाई किती, हे बघतो. ओपीजी आपल्याला लाकडाची लांबी दाखवतो. टोक त्यात दिसत नाही.

हे आकड्यांत बघू. समजा, तालुक्यातल्या पंचेचाळीस वर्षांच्या एका माणसाची खालची पहिली दाढ काही वर्षांपूर्वी काढलेली आहे. ‘नवी दाढ बसते का जी?’ एवढाच त्याचा प्रश्न. ओपीजी काढताना त्या जागी मेणात बसवलेली 5 मिलिमीटरची पोलादी गोळी ठेवली होती. चित्रात ती 6.25 मिलिमीटरची दिसते. म्हणजे यंत्राने सगळंच सव्वापट मोठं दाखवलंय. त्याच चित्रात हाडाच्या माथ्यापासून नसेच्या नळीपर्यंत 15 मिलिमीटर भरतात, तेव्हा खरं अंतर 12. नसेपासून किमान 2 मिलिमीटर अंतर सोडायचं असतं. उरले 10. गोळी ठेवलीच नसती आणि कोणी 15 मधून 2 वजा करून 13 चं रोपण निवडलं असतं, तर ते नळी फोडून आत गेलं असतं.

आता त्याच जागेचा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, बघू. इथे जबडा एक-एक मिलिमीटरच्या कापांमध्ये दिसतो. जिभेकडची बाजू एकीकडे, गालाकडची दुसरीकडे. हाडाचा माथा वर निमुळता, जेमतेम 5 मिलिमीटर रुंद. दीड मिलिमीटर खाली गेल्यावर तो 6 होतो. 4 मिलिमीटरच्या रोपणाला दोन्ही बाजूंनी किमान एकेक मिलिमीटर हाड हवं, म्हणजे 6 हवेतच. मग एक तर वरचा निमुळता भाग घासून सपाट करायचा किंवा बाजूने हाडाची भर घालायची. घासलं तर 12 चे साडेदहा होतात आणि नसेचे 2 सोडल्यावर साडेआठ उरतात. आणखी खाली बघितलं तर जिभेच्या बाजूला हाड आतल्या अंगाला खोलगट झालंय, तिथे लाळग्रंथी टेकलेली असते. सरळ उभं 10 मिलिमीटरचं रोपण त्या खोलगटात हाड भेदून बाहेर पडलं असतं. आता ठरतं ते असं: 8 मिलिमीटरचं रोपण, हाडाच्या उताराला धरून थोडं तिरपं. ओपीजीने दहा दिले होते. तिसरी बाजू दिसल्यावर आठ झाले, आणि कोनही बदलला.

या खोलगटाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण एटापल्लीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसासाठी सगळ्या धोक्यांत मी याला वर ठेवेन. नसेला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. चहा कपाच्या कडेवरून ओघळतो आणि कळत नाही. त्रास मोठा आहे, कधी कायमचा, पण जिवावरचा नाही. जिभेच्या बाजूचं हाड फुटून तिथली धमनी कापली गेली, तर जिभेखाली रक्त साठतं, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अडते. ही सूज कधी लगेच येते, कधी काही तासांनी. शहरातला माणूस तेवढ्यात इस्पितळात पोचतो. आपला माणूस मात्र काम झालं म्हणून संध्याकाळच्या गाडीला बसलेला असतो आणि गाडी आष्टीच्या पुढे गेलेली असते. खालच्या जबड्याच्या रोपणाआधी छेद न बघता पुढे जाऊ नये, आणि त्या रात्री गावाकडे परतू नये. हे दोन्ही सल्ले याच एका कारणातून आले आहेत.

सीबीसीटी म्हणजे शंकूच्या आकाराच्या किरणशलाकेने केलेला सीटी स्कॅन. हाउन्सफील्ड यांचा सीटी स्कॅनर 1971 साली पहिल्या रुग्णासाठी वापरला गेला, पण तो दातांसाठी मोठा, महाग आणि जास्त किरणोत्सार देणारा होता. 1990 च्या दशकाच्या अखेरीस इटलीत पिएरो मोत्सो आणि सहकाऱ्यांनी, तर जपानमध्ये योशिनोरी अराई यांनी दात-जबड्यापुरतं यंत्र बनवलं. रुग्ण बसलेला किंवा उभा असतो, यंत्र डोक्याभोवती एकदाच फिरतं, आणि दहा ते चाळीस सेकंदांत शेकडो चित्रं घेऊन संगणक त्यांतून जबड्याचा त्रिमितीय ठोकळा उभा करतो. तेवढा वेळ हलायचं नाही, गिळायचंही नाही. हललं तर नसेची कड पुसट होते आणि सगळी मोजणी त्या पुसटपणावर उभी राहते.

या ठोकळ्याचे घनकण मिलिमीटरच्या दहाव्या ते चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढे असतात, म्हणून लांबी-रुंदीची मोजमापं भरवशाची मिळतात. मग 2 मिलिमीटरचं अंतर कशाला, असा प्रश्न रास्त आहे. पडद्यावर ठरवलेली जागा आणि तोंडात प्रत्यक्ष साधलेली जागा यांत फरक पडतो. स्कॅनवरून छापलेली मार्गदर्शक पट्टी दातांवर बसवून ड्रिल चालवलं, तरी टोकाशी सरासरी एक ते दीड मिलिमीटरची चूक होते. दोन मिलिमीटर त्या चुकीसाठी राखलेले असतात. हाडाच्या घनतेबाबत मात्र सीबीसीटीवर पूर्ण विसंबता येत नाही. मोठ्या सीटी स्कॅनमधले हाउन्सफील्डचे आकडे इथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत. शेजारी धातूची टोपी किंवा जुनं चांदीचं सिमेंट असेल, तर काळे-पांढरे पट्टे पडून हाड नसलेलं किंवा जास्त असलेलं वाटू शकतं.

वरच्या जबड्यात नसेऐवजी सायनस आडवा येतो. मागची दाढ गेली की ही हवेची पोकळी वर्षानुवर्षं खाली सरकत राहते. हाड वरून सायनस खातो, खालून हिरडीकडून ते आपोआप झिजतं. कधी मधे चार-पाच मिलिमीटरच उरतात. मग सायनसचं अस्तर उचलून खाली हाडाची भर घालावी लागते, आणि त्याआधी त्या पोकळीत सूज किंवा पाणी नाही ना हे स्कॅनवरच बघावं लागतं. दात काढल्यावर हाड किती लवकर आटतं याची कल्पना फार थोड्यांना असते. वर्षभरात रुंदी जवळजवळ निम्मी होते, आणि त्यातला दोन तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. दात काढतानाच ‘पुढे इथे पक्का दात बसवायचा आहे का’ हा प्रश्न विचारला गेला, तर पुढचे कितीतरी कष्ट वाचतील. दहा वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेच्या जागी सीबीसीटीत बहुतेक वेळा सुरीच्या धारेसारखा निमुळता माथा दिसतो.

गडचिरोलीच्या जबड्यात आणखी एक गोष्ट शोधावी लागते. विदर्भातल्या सिकलसेलची नोंद शुक्ल आणि सोळंकी यांनी नागपुरातून 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये केली, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी वस्त्यांत हा आजार आजही घरोघरच्या बोलण्यात आहे. 2023 पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर मरतात, म्हणून हाडातल्या मगजाला सतत जादा पेशी बनवाव्या लागतात. मगज पसरतो आणि हाडाच्या आतली जाळी विरळ होते. दाढांच्या मुळांमधल्या हाडात आडव्या रेघा एकाखाली एक अशा दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. कुठे रक्तपुरवठा तुटून हाडाचा तुकडा मेला असेल, तर तिथे नंतर पांढरा दाट डाग राहतो. नुसत्या आरव्हीजीतही हे दिसू शकतं. कोणाला आपल्याला सिकलसेल आहे हे माहीत नसतं, आणि जबड्याच्या चित्रावरून पहिली शंका येते. अशा वेळी ड्रिल बाजूला ठेवून आधी सिकलिंगची आणि मग इलेक्ट्रोफोरेसिसची रक्ततपासणी करावी. ‘वाहक’ असणं वेगळं आणि आजार असणं वेगळं. आजार असेल तर पाणी कमी पडणं, थंडी, जंतुसंसर्ग यांपैकी काहीही त्रासाचं निमित्त ठरू शकतं. मग रोपण करायचं की नाही, हा निर्णय एकट्या दंतवैद्याने घेऊ नये.

खर्रा हा दुसरा स्थानिक मुद्दा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ही पुडी विदर्भात सर्रास खिशात असते. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 24.4 टक्के धूररहित तंबाखू वापरत असल्याचं आढळलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ‘मुक्तिपथ’ मोहिमेतून दारू आणि तंबाखूविरुद्ध काम उभं केलं, ते याच कारणाने. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठ होतं, तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी जायला हवीत तिथे एकच जातं. असा माणूस तोंडात सेन्सर धरू शकत नाही, म्हणून त्याचं चित्र बाहेरूनच, म्हणजे ओपीजी किंवा सीबीसीटीने घ्यावं लागतं. ते उत्तम येतं, हाडही भरपूर दिसतं, पण मागच्या दाढेपर्यंत ड्रिलचा दांडा आत जायलाच जागा नसते. तोंड किती उघडतं हे कोणत्याच स्कॅनवर उमटत नाही. पट्टीने मोजून ते चित्राच्या कागदावर लिहिलं पाहिजे. आणि अशा तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा बघणं, गरज पडली तर त्याचा तुकडा तपासणीला पाठवणं, हे काम रोपणाच्या कितीतरी आधीचं आहे.

अस्वलाने चेहरा फाडलेले रुग्ण हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात वर्षानुवर्षं येत आले आहेत. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे 1973 पासून उभ्या झालेल्या त्या कामात असे चेहरे शिवत आले. जबड्याचं हाडच मोडलेल्या माणसासाठी आधी मोठा सीटी स्कॅन आणि हाडांची जोडणी, रोपणाची गोष्ट बरीच पुढची.

किरणांची भीती लोक विचारतात, आणि ती विचारावी. सुरुवातीच्या काळात तिची किंमत डॉक्टरांनीच मोजली. न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स 1896 पासून दातांचे एक्स-रे काढत होते आणि यंत्राची जुळणी करताना स्वतःचा हात किरणांत धरत. कर्करोगाने बोटं गेली, मग पंजा, मग हात. 1928 साली त्यांनी आयुष्य संपवलं. आजची मात्रा फार वेगळी आहे. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. दाताच्या छोट्या एक्स-रेची मात्रा एका दिवसाच्या आतबाहेर असते, ओपीजीची दोन-चार दिवसांची. सीबीसीटीत मात्र फरक मोठा आहे. फक्त एका भागाचा छोटा स्कॅन काही दिवसांच्या हिशेबात बसतो, सगळ्या चेहऱ्याचा मोठा स्कॅन काही महिन्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून एका दाढेसाठी अख्ख्या कवटीचा स्कॅन कोणी सांगितला तर ‘छोटा भाग चालणार नाही का?’ असं विचारावं. देशात कुठल्याही एक्स-रे यंत्राला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ती आहे का, हेही विचारता येतं. बाई गरोदर असेल तर हे काम बाळंतपणानंतर करावं, त्याची घाई नसते.

आता प्रवासाकडे. सीबीसीटीची यंत्रं मोठ्या शहरांत आणि नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी (मेघे) इथल्या दंत महाविद्यालयासारख्या संस्थांच्या आसपास एकवटलेली आहेत. पण साधा एक्स-रे आणि तोंडाची नीट तपासणी त्याहून जवळ होऊ शकते, आणि चित्र तर माणसापेक्षा कितीतरी सोपं पाठवता येतं. क्रम असा हवा: गावाच्या जवळच्या दंतवैद्याकडे आरव्हीजी, जमल्यास गोळी ठेवून ओपीजी. सोबत मधुमेह आणि सिकलसेलचा अहवाल, तोंड किती उघडतं त्याचा आकडा, चालू औषधांची नावं, त्यातही हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्यांचं नाव नक्की. हे सगळं नागपूरला पोचलं की निम्म्या लोकांना तिथूनच सांगता येईल की तुम्हाला ब्रिज किंवा काढता-घालता येणारी कवळी बरी. ज्यांना बोलवायचं, त्यांच्या एकाच फेरीत स्कॅन आणि सल्ला दोन्ही उरकतात.

खिडकीसमोर फिल्म धरून काढलेला मोबाइल फोटो मोजमापाला चालत नाही. व्हॉट्सअॅप चित्र दाबून लहान करतं, आणि कागदावरच्या छापील कापांत डॉक्टरला हवा तो काप नसतो. स्कॅन झाल्यावर ‘डायकॉम’ फाइल्स पेन ड्राइव्हमध्ये मागून घ्याव्यात. त्या उघडून दुसरा डॉक्टरही जबडा हव्या त्या कोनातून बघू शकतो. स्कॅनचा लेखी अहवालही मागावा. रोपणाच्या जागेपलीकडे, सायनसमध्ये किंवा जबड्याच्या सांध्यात काही दिसलं, तर ते त्यातच नोंदलेलं असतं.

रोपण बसलं त्या दिवशी आणि वर दात चढला त्या दिवशी एकेक छोटा एक्स-रे काढतात. त्या चित्रांत स्क्रूच्या कोणत्या आट्यापर्यंत हाड आहे ते दिसतं. पहिल्या वर्षात एक-दीड मिलिमीटर हाड उतरलं तर चालतं. त्यानंतर वर्षाला 0.2 मिलिमीटरहून जास्त उतरत असेल, तर काहीतरी बिघडतंय. ही तुलना पुढे कधीतरी अहेरीत किंवा गडचिरोलीत दुसराच कोणी दंतवैद्य करणार आहे. ती त्याला करता यावी म्हणून पहिले दोन एक्स-रे रुग्णाच्या घरी, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या पिशवीत असले पाहिजेत.